उंदीर मारले तरी पुन्हा येतात कुठून?

प्रश्न : डीएनए तपासून एका बेटावरचे सगळे उंदीर संपवले, असं वाचलं. आम्ही दरवर्षी माडावर औषध ठेवतो, तरी दोन महिन्यांत पोखरलेले कोवळे नारळ पुन्हा झाडाखाली. त्या तपासणीचा आम्हाला काही उपयोग? (एक बागायतदार, सिंधुदुर्ग)

उत्तर : तुम्ही वाचलंत ते दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया असावं. सीलच्या शिकारीला आलेल्या जहाजांतून तिथे तपकिरी उंदीर उतरले आणि पक्ष्यांची अंडी-पिल्लं खाऊ लागले. एवढ्या मोठ्या बेटावर एकाच हंगामात सगळीकडे विषारी आमिष टाकणं अवघड होतं. २००४ मध्ये ब्रूस रॉबर्टसन आणि नील गेमेल या शास्त्रज्ञांनी हिमनदीच्या अलीकडच्या-पलीकडच्या उंदरांचे डीएनए ताडून पाहिले. त्यांची आपसात सोयरीक नव्हती. म्हणजे बर्फ ओलांडून उंदीर जात नव्हते, आणि एक तुकडा साफ केला की तो साफच राहणार होता. पुढे २०११, २०१३ आणि २०१५ अशा तीन टप्प्यांत हेलिकॉप्टरने आमिष टाकलं. २०१८ मध्ये बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. हिमनद्या मागे हटत होत्या. उशीर झाला असता तर हे बांध तुटलेच असते.

मारण्याआधी नमुने जपून ठेवले, तर नंतर दिसलेला उंदीर जुन्यांतलाच वाचलेला की बाहेरून आलेला, हेही कळतं. पहिला असेल तर आमिष कमी पडलं, दुसरा असेल तर वाट उघडी आहे. न्यूझीलंडमध्ये अभ्यासासाठी एका बेटावर सोडलेला एकच उंदीर ४०० मीटर समुद्र पोहून शेजारच्या बेटावर गेला. लेंड्यांतल्या डीएनएवरून त्याची ओळख पटली, पण हाती लागायला १८ आठवडे गेले!

तुम्हाला डीएनए तपासणीची गरज नाही. तुमच्या बागेभोवती हिमनदी नाही, शेजाऱ्याचा गडगा आहे, आणि तो उंदराला अडवत नाही. एकट्याने औषध ठेवलंत की मोकळ्या जागेत शेजारचे येतात. म्हणून अख्ख्या वाडीने एकाच दिवशी सुरुवात करा. दर पाच माडांमागे एकाच्या शेंड्यात ब्रोमॅडिओलोन या उंदीरनाशकाची १० ग्रॅमची वडी ठेवा, १२ दिवसांनी पुन्हा ठेवा. मेलेले उंदीर खोल पुरा, नाहीतर ते खाऊन घुबडं आणि मांजरं मरतील. झावळ्या एकमेकींना लागत नसतील तिथे खोडाला दोन मीटर उंचीवर पत्र्याचा पट्टा मारा. झावळ्या भिडलेल्या असतील तर पत्र्याचे पैसे फुकट जातील.

वाडीची तारीख ठरली की कळवा, मी स्वतः येतो.