बोट लागणं आणि सासऱ्यांची सिगारेट

ताई, तुमच्या सासूबाईंना करूळ घाटात गाडी लागते आणि सासऱ्यांना दिवसाला आठ-दहा सिगारेटी लागतात. अशा दोघांना घेऊन मुंबईहून गोवा-लक्षद्वीप क्रूझला जावं का, गेलो तर समुद्र किती हलवेल आणि सिगारेटचं काय करायचं, असं तुम्ही विचारलंय. जावा की! मी चारदा वेगवेगळ्या क्रूझला जाऊन आलोय. त्यातल्या एका वेळी दीड दिवस केबिनच्या गालिच्यावर आडवा होतो, त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकतो. सिगारेटही मी वीस वर्षं ओढली, आता सोडलीय.

आधी समुद्राचं. आपल्या अरबी समुद्राचं एक बरं आहे, त्याचं वेळापत्रक ठरलेलं असतं. जून ते सप्टेंबर तो कुणाचं ऐकत नाही. किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच बोटी लोटतात, ते उगाच नाही. मेचा उत्तरार्ध आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे वादळांचे दिवस. तौक्ते आलं २०२१च्या मेमध्ये, क्यार २०१९च्या ऑक्टोबरमध्ये. ओखी मात्र २०१७च्या डिसेंबरच्या तोंडावर थेट लक्षद्वीपला भिडलं होतं, म्हणजे डिसेंबरची हमी कुणी देऊ नये. तरी डिसेंबरचा मध्य ते मार्च हाच सगळ्यात शहाणा काळ. या दिवसांत कोकणकिनाऱ्याला लाट बहुतेक वेळा मीटरभराच्या आसपास असते. दोनशे मीटर लांबीच्या जहाजाला ती कळतही नाही. मुंबईहून सुटणारं एम्प्रेस हे क्रूझ जहाज २११ मीटरचं आहे.

मोठ्या जहाजांना पोटाखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, त्यांना स्टॅबिलायझर म्हणतात. जहाज डावी-उजवीकडे डोलतं ते त्यांनी बरंच कमी होतं. पण नाक वर, शेपूट खाली, असं जे हिंदकळणं असतं त्यावर त्यांचा फारसा इलाज चालत नाही. म्हणून केबिन निवडताना बाल्कनीच्या आधी जागा बघा. मधोमध आणि शक्य तितक्या खालच्या मजल्यावर. सी-सॉच्या टोकाला बसलेलं पोर उडतं आणि मधलं जागच्या जागी असतं, तसंच. पुढच्या टोकाच्या केबिनमध्ये रात्री लाट आपटल्याचा धाडकन आवाज येतो. म्हातारी माणसं त्या आवाजानंच अर्धी होतात.

माझा दीड दिवस गेला तो इथं नव्हे, भूमध्य समुद्रात. ऑक्टोबर महिना, मार्सेहून बार्सिलोनाला जाताना लायनच्या आखातात मिस्ट्रल नावाचा वारा सुटला. स्वस्तात मिळाली म्हणून मी अगदी पुढची, वरच्या मजल्यावरची केबिन घेतलेली. दुपारी जलतरण तलावातलं पाणी सोडून दिलं, वर जाळी टाकली. थोड्या वेळानं लिफ्टजवळच्या कठड्याला कागदी पिशव्या अडकवल्या. आम्ही हसत होतो, ‘ह्या कशाला?’ म्हणून. रात्री आठला कळलं कशाला. तलाव रिकामा होताना दिसला की तिथून सरळ जाऊन गोळी घ्यायची, हे तेव्हापासून शिकलो.

गोळी उलटीनंतर नव्हे, आधी. अ‍ॅव्होमिन आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे. प्रवासाच्या किमान तासभर आधी घ्यावी लागते आणि झोप येते. सासऱ्यांना प्रोस्टेटचा किंवा दोघांपैकी कुणाला काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, या जातीच्या गोळ्यांनी दोन्ही दुखणी वाढू शकतात. सोबत दारू तर नकोच. आलेपाक मात्र बिनधास्त ठेवा पर्समध्ये. आणि निघायच्या आदल्या रात्री तांबडा-पांढरा ओरपून महालक्ष्मी एक्स्प्रेसमध्ये बसायचं नाही, कितीही मोह झाला तरी. रिकाम्या पोटीही जायचं नाही, त्यानं जास्त मळमळतं. कोरडी पोळी, दहीभात, केळं.

ज्याला घाट लागतो त्याला बोट लागतेच असं नाही, हे सासूबाईंना जरूर सांगा. घाटात वळणं आणि ब्रेक भराभर येतात. मोठं जहाज सावकाश डोलतं, पाळण्यासारखं. माणसाला सगळ्यात वाईट लागतं ते साधारण पाच सेकंदांत एकदा वर-खाली होणं, आणि ते छोट्या लाँचवर जास्त मिळतं. लक्षद्वीपला नेमकी हीच मेख आहे. अगत्तीला मोठं जहाज प्रवाळाच्या कड्याबाहेर उभं राहतं आणि तिथून छोट्या बोटीनं उतरवतात. सासूबाईंची खरी परीक्षा तिथं, त्या अर्ध्या तासात. समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं आणि पैसे गेले म्हणून लोक भांडतात. तुम्ही भांडू नका, त्या उडत्या फळीवर सत्तरीच्या माणसाला पाय टाकायला लावणं हा शहाणपणा नव्हे.

मळमळतं ते कशानं? आतल्या कानाला हलणं कळतं आणि डोळ्यांना स्थिर भिंत दिसते, तिथं गोंधळ होतो. म्हणून मोबाइल खाली, पुस्तक बंद, उघड्या डेकवर जाऊन क्षितिजाकडं बघायचं. आणि इथंच तुमचे दोन प्रश्न एकमेकांना भेटतात. कारण त्याच उघड्या डेकवर सिगारेटवाले जमलेले असतात! बोट लागलेल्या माणसाला धुराचा वास आला की उरलंसुरलंही बाहेर येतं.

आता नियम. जवळजवळ सगळ्या मोठ्या जहाजांवर केबिनमध्ये, जेवणाच्या हॉलमध्ये, लिफ्टजवळ सिगारेट बंद, आणि बऱ्याच ठिकाणी बाल्कनीतही. ओढायला उघड्या डेकवर एक कोपरा, तोही बहुधा एकाच बाजूला. काही जहाजांच्या कॅसिनोत परवानगी असते, त्या मजल्यावरची केबिन घेऊच नका. सासरे म्हणतील, ‘बाल्कनी आपली, पैसे आपले.’ त्यांना २००६ची गोष्ट सांगा. २३ मार्चला स्टार प्रिन्सेस हे जहाज ग्रँड केमनहून जमैकाकडे जात असताना पहाटे बाल्कनीतून आग पेटली. नीट न विझवलेली सिगारेट हे संभाव्य कारण ठरलं. बाल्कन्यांतली प्लॅस्टिकची आडोशाची पानं भराभर पेटत गेली, एक प्रवासी दगावला आणि शंभरावर केबिन जळल्या नाहीतर धुरा-पाण्यानं खराब झाल्या. थोटूक समुद्रात भिरकावलं तर ते समुद्रात पडत नाही, वाऱ्यानं वळून खालच्या कुणाच्या तरी बाल्कनीत जातं. दंड केबिनच्या बिलात लागतो, तोही डॉलरमध्ये असू शकतो. ई-सिगारेट तर आपल्या देशात २०१९पासून बंदच आहे, बॅगेत सापडली तर मुंबईच्या बंदरातच अडकाल.

तंबाखू मळून खाणाऱ्यांना वाटतं आपण सुटलो. डेकवरून पिंक टाकणारा एक गाववाला मी पाहिलाय. जहाज ताशी तीसेक किलोमीटरनं चाललेलं, वारा समोरून. ती पिंक त्याच्याच पांढऱ्या सदऱ्यावर परत आली. आम्हाला लई हसू आलं, त्याच्या बायकोला नाही.

त्याच हिशेबानं धूरही बहुधा मागं जातो. सिगारेटचा कोपरा मागच्या बाजूला असेल तर त्याच्या खालच्या-मागच्या केबिन टाळा आणि सासूबाईंना खुर्ची घेऊन द्यायची ती त्या कोपऱ्याच्या पुढं, विरुद्ध बाजूला. पैसे भरण्याआधी एजंटकडून मजल्यांचा नकाशा मागवा आणि त्यावर दोन खुणा करायला लावा, एक सिगारेटच्या जागेची, एक तुमच्या केबिनची. ‘सगळीकडून सी व्ह्यू आहे मॅडम’ म्हणून टाळलं तर दुसरा एजंट बघा, राजारामपुरीत काय कमी आहेत.

परत आल्यावर एक-दोन दिवस घरची फरशीही हलल्यासारखी वाटेल. सासूबाई घाबरतील, त्यांना आधीच सांगून ठेवा.