'घरगुती' खेळाडू आणि 19 संघांची 'अंतिम फेरी'

प्रश्न आला आहे: 'घरगुती खेळाडूंच्या आफ्रिकी फुटबॉल स्पर्धेची अंतिम फेरी केनिया, टांझानिया, युगांडात' या वाक्यात 'फायनल्स'ला 'अंतिम फेरी' म्हणणं बरोबर आहे का?

अंतिम फेरीचं नंतर बघू. आधी ते 'होम-बेस्ड'चं 'घरगुती'! घरगुती असतो तो गॅस, डबा, फार तर खोकल्यावरचा उपाय. 2009 साली सुरू झालेल्या या 'चॅन' (आफ्रिकन नेशन्स चॅम्पियनशिप) स्पर्धेची अट एवढीच, की खेळाडू स्वतःच्या देशाच्या लीगमध्ये खेळणारा हवा. 'देशी' म्हणाल, तर पॅरिसच्या क्लबात खेळणारा मोरोक्कोचा हकीमीही देशीच, पण त्याला इथे मज्जाव. 'स्थानिक' म्हणाल, तर कासाब्लांकाचा पोरगा मोरोक्कोतल्याच राबातच्या क्लबाकडून खेळतो, तो कुठला स्थानिक?

मुळात 'घर' म्हणजे काय? 'गृह'मधला 'ह' उडी मारून 'ग'ला चिकटला की झालं 'घर', याला म्हणतात वर्णविपर्यय, असं सांगून बरेच जण हात झटकतात. मला हे कधीच पटलं नाही. दुसरं मत असं, की 'घर' हा 'घर्म'च्या कुळातला शब्द, म्हणजे मुळात ऊब, विस्तव. 'घर्म'चाच आपला 'घाम' झाला, आणि तापात काखेत धरतो त्या थर्मामीटरमधला 'थर्म'ही त्याच गोतावळ्यातला. विस्तव पेटला ते घर! भाऊ वेगळे झाले की आपण 'चूल वेगळी मांडली' म्हणतो, भिंतींचं नावही काढत नाही. वर्णविपर्ययवाल्यांनी खुशाल नाकं मुरडावीत. घर आणि घाम चुलत भावंडं निघतात, ही मजा त्यांच्या व्युत्पत्तीत कुठे आहे?

तर माझा प्रतिशब्द 'स्वगृही'. ज्योतिषातला ग्रह आपल्या राशीत बसला की स्वगृही; तसा हा खेळाडू. हकीमी उच्चीचा असेल, स्वगृही नाही. (पक्ष बदलून परतणाऱ्या पुढाऱ्यांनी हा शब्द बाटवला, ते सोडा.)

हां, अंतिम फेरी. चूक. यजमान आणि पात्रता फेऱ्यांतून आलेले मिळून 19 संघ 2 ते 30 ऑगस्ट 2025 असे महिनाभर खेळले, ती 'मुख्य स्पर्धा'. मोरोक्कोने मादागास्करला 3-2 हरवलं, तो एकच 'अंतिम सामना'. तोही नैरोबीत, म्हणजे दोन्ही स्वगृही संघांना परकं मैदान.