टाळेबंदीत चर्चची दारे बंद असताना खान्देशातल्या कॅथलिक धर्मग्रामांनी नेमके काय केले?

आपला प्रश्न असा आहे की कोरोनाच्या काळात ऑनलाइन मिस्सेपलीकडे (मिस्सा म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना) कॅथलिक चर्चचे काही काम चालू होते का, आणि खान्देशासारख्या, कॅथलिक मोजकेच असलेल्या भागात त्याचा आसपासच्या समाजाला काही उपयोग झाला का. मी भुसावळ परिसरात राहतो आणि त्या दोन वर्षांत आमच्या धर्मग्रामाच्या (म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या कॅथलिक समाजाच्या) मंडळावर होतो, त्यामुळे जे जवळून पाहिले त्याच्याच आधाराने लिहितो. उपयोग झाला, असे मी खात्रीने म्हणेन. मात्र जे खरोखर कामाला आले ते कॅमेऱ्यासमोर घडलेले नव्हते. धर्मग्रामाजवळ घराघराची नोंद होती आणि त्या नोंदीतली माणसे एकमेकांना ओळखत होती, म्हणून ते घडू शकले.

वसई किंवा गोव्याचे चित्र डोळ्यांपुढे ठेवले तर इथले काही समजणार नाही, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात, म्हणजे तिथल्या बिशपांच्या कार्यक्षेत्रात, येतात, पण या धर्मप्रांतातले बहुसंख्य कॅथलिक नगर जिल्ह्यात आहेत. खान्देशातले ख्रिस्ती बरेचसे प्रॉटेस्टंट मंडळ्यांचे आहेत. कॅथलिक कुटुंबे विखुरलेली आहेत: भुसावळसारख्या ठिकाणी रेल्वेच्या नोकरीनिमित्त आलेली गोवेकर, तमिळ, मल्याळी आणि अँग्लो-इंडियन घरे, त्यांच्यात मिसळलेली नगर-नाशिककडची मराठी घरे, आणि सातपुड्याच्या अंगाला आदिवासी कुटुंबे. एकेका धर्मग्रामाची हद्द दोन-तीन तालुके व्यापते. दूरच्या वस्तीला दर रविवारी मिस्सा मिळणे टाळेबंदीच्या आधीही शक्य नव्हते. फादर महिन्यातून एखादा रविवार तिकडे जात. एरवी सिस्टर (व्रतस्थ धर्मभगिनी) किंवा गावातलाच एखादा जाणता प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू नसलेला भाविक, शुभवर्तमान वाची, प्रार्थना घेई आणि कोण आजारी आहे, कोण उसाच्या तोडीला गुजरातेत गेले आहे, याची विचारपूस करी. २२ मार्च २०२० च्या जनता कर्फ्यूनंतर दोनच दिवसांनी टाळेबंदी जाहीर झाली, तेव्हा रोज सकाळी मिस्सेला जाणारी शहरातली मंडळी गोंधळून गेली. या वाडी-वस्तीवरच्या घरांना मात्र धर्मगुरूविना रविवार कसा पाळायचा हे ठाऊक होते. त्यांची ती रीत आम्ही शहरात उचलली. घरातल्या वडीलधाऱ्याने वाचन करायचे, सर्वांनी जपमाळ म्हणायची आणि शेवटी शेजारच्या एका कुटुंबासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची.

टाळेबंदी आली ती ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या ऐन मध्यावर. त्या वर्षी झावळ्यांचा रविवार ५ एप्रिलला आणि ईस्टर १२ एप्रिलला होता. २५ मार्चला व्हॅटिकनच्या उपासना विभागाने कळवले की पवित्र गुरुवारी (ईस्टरआधीच्या गुरुवारी) येशूने शिष्यांचे पाय धुतल्याच्या आठवणीचा पाय धुण्याचा विधी आणि मिस्सेनंतरची मिरवणूक वगळावी आणि धर्मगुरूंनी भाविकांच्या अनुपस्थितीतच उपासना करावी. त्यानंतर दोन दिवसांनी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये पावसात भिजलेल्या रिकाम्या चौकात उभे राहून जगाला आशीर्वाद दिला. तो प्रसंग आमच्याकडे पुष्कळांनी मोबाइलवर पाहिला आणि त्याने धीरही दिला. तरीही मोबाइलवर मिस्सा पाहणे आणि मिस्सेत सहभागी होणे ही एकच गोष्ट नव्हे, हे कॅथलिक माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सेत मिळणारी पवित्र भाकर, पडद्यातून मिळत नाही. फोनवर पाप-निवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे पापांची कबुली, चालत नाही. तशी मोकळीक चर्चने त्या काळातही दिली नाही. ज्याला धर्मगुरू मिळणे अशक्य आहे त्याने मनापासून पश्चात्ताप करावा आणि संधी मिळताच पाप-निवेदन करण्याचा निश्चय करावा, म्हणजे त्याला क्षमा मिळते, ही चर्चची जुनीच शिकवण २० मार्चच्या व्हॅटिकनच्या टिपणात पुन्हा सांगितली गेली. ती आम्ही साध्या मराठीत लिहून प्रत्येक घरी पोहोचवली. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांना त्या एका कागदाचा केवढा आधार वाटला, हे मी विसरू शकत नाही.

आता सुरुवातीला म्हटले त्या घराघराच्या यादीविषयी. प्रत्येक कॅथलिक धर्मग्रामात कुटुंबांची नोंदवही असते: बाप्तिस्मा, विवाह, मृत्यू, घरातली माणसे, पत्ता. एरवी ती कार्यालयाच्या कपाटात पडून असते आणि दाखला हवा असला की बाहेर निघते. टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात फादरांनी ती उघडली, वस्तीनिहाय घरे वाटून दिली आणि एकेका कार्यकर्त्याकडे दहा-बारा घरांना नियमित फोन करण्याचे काम सोपवले. कार्यकर्त्यांत निवृत्त रेल्वे कर्मचारी होते, शिक्षिका होत्या, कॉलेजची मुले-मुली होत्या. सुरुवातीला फोनवर विचारले जाई, ‘काही हवे आहे का?’ त्यावर बहुतेकांचे उत्तर एकच, ‘काही नको, सगळे ठीक आहे.’ खान्देशी माणूस मागायला फार संकोचतो, आणि पेन्शनीवर जगणारी विधवा बाई तर अधिकच. अशाच एका आजींना आमच्यातल्या एका मुलीने सहज सांगितले, ‘आजी, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी हातात घ्या आणि वरचे नाव मला वाचून दाखवा.’ आजींनी अडखळत नाव वाचले, आणि मग हळूच सांगितले की पट्टीत दोनच गोळ्या उरल्या आहेत म्हणून त्या एक दिवसाआड घेत आहेत. तेव्हापासून विचारण्याची पद्धतच बदलली. गॅस किती दिवस पुरेल, पिठाचा डबा कुठवर आहे, रेशनकार्डावरचा अंगठा कोणाचा, पेन्शन काढायला बँकेत कोण जाते, असे नेमके प्रश्न विचारले जाऊ लागले आणि खरी गरज कळू लागली.

ही यादी कॅथलिकांपुरती ठेवली असती तर आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाला माझ्याजवळ उत्तर नसते. आमच्या कुटुंबांनीच शेजारची नावे सांगायला सुरुवात केली: मागच्या गल्लीतला हातगाडीवाला, स्टेशनवरचा हमाल, धुणी-भांडी करणाऱ्या बायका. मग तांदूळ, तूरडाळ, तेल, तिखट-मीठ, साखर, चहा आणि साबण अशा पिशव्या तयार होऊ लागल्या; शेतकरी घरांनी दादर ज्वारीची पोती दिली. इथे एक अडचण होती, आणि ती मोकळेपणाने सांगितली पाहिजे. चर्चने धान्य वाटले की धर्मांतराचा संशय घेतला जातो, विशेषतः आदिवासी भागात. म्हणून ठरवले की पिशवीत कोणतेही पत्रक जाणार नाही, पिशवीवर क्रूस असणार नाही, आणि वाटप शक्य तिथे तलाठी, ग्रामपंचायत किंवा गल्लीतल्या गणेश मंडळाच्या मुलांच्या हातून होईल. घेणाऱ्याचा फोटो काढायचा नाही, हाही नियम केला. त्या दिवसांत हात पसरलेल्या माणसांचे फोटो सर्वत्र फिरत होते आणि मला ते पाहवत नसे. देणगीदाराला हिशेब द्यायला पावत्या पुरेशा असतात. त्यासाठी कोणाचा चेहरा लागत नाही.

मे महिन्यात रस्ते माणसांनी भरले. सुरतेहून नागपूरच्या दिशेने चालणारे मजूर आमच्याकडून जात. तिकडे धुळ्याला मुंबई-आग्रा रस्त्याने शिरपूर आणि पुढे बिजासन घाटाकडे लोटच्या लोट जात होते. ८ मे २०२० ला छत्रपती संभाजीनगर (तेव्हाचे औरंगाबाद) जिल्ह्यातल्या करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. ते जालन्याहून पायी निघाले होते आणि त्यांना भुसावळला येऊन गाडी पकडायची होती. ती बातमी आमच्या गावाला फार लागली, कारण ती माणसे आमच्याकडेच येत होती. त्यानंतर पाणी, शिदोरी आणि चपला घेऊन रस्त्यावर उभे राहणाऱ्यांत सगळ्या धर्मांचे लोक होते आणि आमची माणसे त्यांतलीच काही होती. रावेर-यावलकडे केळीला उठाव नव्हता; बागायतदारांनी घडच्या घड पाठवले. आमच्या सिस्टर टेबल मांडून चालणाऱ्यांच्या पायांचे फोड धुऊन मलमपट्टी करत. त्या वर्षी चर्चमध्ये पाय धुण्याचा विधी झाला नव्हता, हे त्या क्षणी अनेकांच्या मनात आले, पण कोणी ते बोलून दाखवले नाही.

मृत्यू हा सर्वांत कठीण भाग होता. सुरुवातीच्या महिन्यांत जळगाव जिल्ह्यातल्या मृत्यूच्या प्रमाणाची चर्चा राज्यभर होती आणि लोक रुग्णालयाच्या नावानेच घाबरत. फादरांना वॉर्डात जाऊ देत नसत, त्यामुळे कित्येकांना रुग्णाभ्यंग, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार, मिळाला नाही. अशा वेळी तिथल्या ख्रिस्ती नर्स, त्यांतल्या काही केरळच्या, रुग्णाच्या कानाशी प्रार्थना म्हणत आणि रात्री घरच्यांना फोन करून तसे कळवत. तो संस्कार नव्हता, पण आपला माणूस एकटा गेला नाही एवढे तरी घरच्यांना कळे. केंद्र सरकारच्या सूचनांनुसार दफन आणि दहन दोन्ही चालत होते. शिवाय चर्चने दहनाला १९६३ पासून परवानगी दिलेली आहे, अस्थी मात्र पवित्र जागी ठेवायच्या असतात. तरी बहुतेक कुटुंबांना दफनच हवे असे. आमच्याकडे खोल खड्डा खणण्यापासून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली शवपेटी दोरांनी उतरवण्यापर्यंत मुस्लीम तरुणांनी अनेकदा मदत केली, कारण ते काम ते आधीपासून करत होते आणि आमची मुले अजून शिकत होती. फादर संरक्षक पोशाखात लांब उभे राहून प्रार्थना म्हणत आणि परगावी अडकलेला मुलगा ती फोनवर ऐके. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये व्हॅटिकनने जाहीर केले की मृतांसाठीची विशेष पापदंडमुक्ती (पापांच्या उरलेल्या दंडातून सुटका) त्या नोव्हेंबरात एका आठवड्याऐवजी पूर्ण महिनाभर मिळेल. त्यामुळे गर्दी न करता एकेका कुटुंबाला कबरीवर जाता आले, आणि राहिलेला शोक तिथे पुरा झाला.

पैशांची ओढाताण होतीच: रविवारची दानपेटी बंद, आणि चर्चचा सेवक, पहारेकरी व विनाअनुदानित शाळेतले शिक्षक यांचे पगार तर द्यायचे. ज्यांचे वेतन चालू होते त्यांनी दरमहा ठराविक रक्कम देऊन ते निभावले. लसीबाबत पसरलेल्या अफवांना उत्तर देणे त्या मानाने सोपे गेले, कारण लस घेणे नैतिकदृष्ट्या मान्य आहे असे व्हॅटिकनने डिसेंबर २०२० मध्येच स्पष्ट केले होते. सातपुड्याकडच्या वस्त्यांवर मात्र व्हॅटिकनपेक्षा तिथली बोली बोलणाऱ्या सिस्टरने स्वतः आधी लस घेतलेली पाहणे अधिक उपयोगी पडले.

राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबर २०२० ला उघडली, ५ एप्रिल २०२१ ला, म्हणजे ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी, पुन्हा बंद झाली आणि ७ ऑक्टोबर २०२१ पासून कायमची खुली झाली. दुसऱ्या लाटेत आमच्या यादीवर कितीतरी नावांपुढे मृत्यूची नोंद करावी लागली, त्यांत फोन करणारेही होते. ऑनलाइन मिस्सा पुढे चालू ठेवावी का, यावर मंडळात बरीच चर्चा झाली. चालता-फिरता माणूस घरी बसून मिस्सा पाहू लागला तर धर्मग्राम उरणार नाही, असे माझे तेव्हाही मत होते आणि आजही आहे. आता प्रक्षेपण आहे ते आजारी आणि दूरच्या वस्तीवरच्या लोकांसाठी. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी फादर किंवा नेमलेले प्रापंचिक सेवक त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद घेऊन जातात, आणि निघण्याआधी गोळ्यांची पट्टीही पाहून येतात.