डिकीतले पेढे

"ताई, माझं वय ४४. नारायण पेठेत एका छापखान्यात मशीनवर आहे, राहायला धनकवडीत. अठरा वर्षं रोज संध्याकाळी एक क्वार्टर, पगाराच्या दिवशी जास्त. आज दारू सोडून १०४ दिवस झाले. डॉक्टरांनी गोळी दिलीय, बायको रोज सकाळी समोर उभी राहून देते. त्रास वेगळाच आहे. भूक. संध्याकाळी सहा-साडेसहा झाले की पोटात खड्डा पडतो. पोळी-भाजी नको वाटते, गोडच पाहिजे. रोज पाव किलो पेढे घेतो, गाडीच्या डिकीत ठेवतो, जिन्याखाली उभा राहून खातो आणि मग वर जातो. रात्री उठून साखरेचा डबासुद्धा उघडलाय. चहा दिवसाला आठ कप. सहा किलो वजन वाढलं. आई म्हणते भस्म्या झालाय, द्राक्षासव घे, भूक ताळ्यावर येईल. प्रेसमधला एक जण म्हणतो दोनदाच जेव, मधे नुसतं पाणी. परवा बायकोने डिकी उघडली, तिला पेढ्यांचा बॉक्स सापडला. ती काही बोलली नाही, नुसती रडली. दारू सुटली तर संकष्टी धरीन असं गणपतीला बोललो होतो, म्हणून धरतो. मागच्या संकष्टीला चंद्रोदयाच्या आधी मी स्वारगेटजवळच्या जुन्या बारच्या दारापर्यंत गेलो होतो. आत गेलो नाही. वडिलांना शुगर होती. मी एक व्यसन सोडून दुसरं लावून घेतलं का?"

बाकी सगळं मागाहून. आधी घरी जाऊन बघा, आईंनी द्राक्षासवाची बाटली आणून ठेवली असेल तर ती कपाटातून काढा. आईंनी मायेनेच सांगितलंय, त्यांना समजावून सांगा. आसवं आणि अरिष्टं ही आयुर्वेदिक औषधं आंबवून तयार होतात आणि त्या आंबवण्यातच त्यांत अल्कोहोल तयार होतं. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलंत तर तिथे ते लिहिलेलं असतं. गोळीचं नाव तुम्ही कळवलं नाहीत, पण बायको समोर उभी राहून देते म्हणजे ती बहुधा डायसल्फिराम असावी. ती चालू असताना पोटात थोडं जरी अल्कोहोल गेलं तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब खाली येतो, आणि हे जिवावर बेतू शकतं. गोळी बंद केल्यावरही साधारण दोन आठवडे हा धोका राहतो. खोकल्याची काही औषधं आणि डिसेंबरात कॅम्पातल्या बेकऱ्यांत मिळणारा रम घातलेला केक यांनाही हेच लागू. औषधाच्या दुकानात काहीही मागताना "मला दारू सोडायच्या गोळ्या चालू आहेत" हे आधी सांगायचं. लाज वाटली तरी सांगायचं.

आता तुमचा प्रश्न. दुसरं व्यसन लावून घेतलं का? नाही. तुमचं शरीर अठरा वर्षांचा हिशेब जुळवतंय, आणि त्या हिशेबात तुम्ही त्याला मदत करत नाही आहात, एवढंच झालंय.

हिशेब मी मुद्दाम म्हणते. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, साठेक ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. एका ग्रॅममागे ७ कॅलरी. म्हणजे रोज संध्याकाळी चारशेच्या वर कॅलरी तुमच्या पोटात जात होत्या, चार पोळ्यांएवढ्या. त्यांत ना प्रथिनं, ना जीवनसत्त्वं, पण जळण म्हणून शरीर त्या धरून चालत होतं. त्या एका दिवसात बंद झाल्या. आणि त्यांच्या जागी तुम्ही काय ठेवलंत? पत्रातल्या वेळा मी पुन्हा पुन्हा वाचल्या. दुपारच्या डब्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण छापखान्यातली माणसं एक-दीडला डबा खातात हे मला ठाऊक आहे. घरी पोहोचून जेवायला नऊ-साडेनऊ होत असणार. मधे आठ तास नुसता चहा. पूर्वी या आठ तासांच्या मधोमध क्वार्टर होती आणि तिच्याबरोबरचा चखणा होता. दोन्ही गेले आणि भोक तसंच राहिलं. साडेसहाला तिथे खड्डा पडला नाही तरच नवल.

दारूत साखर असते म्हणून सोडल्यावर गोड मागतं, असं लोक सांगतात. व्हिस्की-रममध्ये साखर जवळजवळ नसतेच. साखर असते ती वर ओतलेल्या कोल्ड्रिंकमध्ये, एका छोट्या बाटलीत साधारण तीस ग्रॅम. तुम्ही तसं घेत असाल तर तीही एक सवय मोडलीय. मूळ कारण मात्र डोक्यात आहे. दारूने मेंदूतला जो सुखाचा भाग इतकी वर्षं रोज ठरल्या वेळी हलवला, तो आता रिकामा बसलाय, आणि त्याला पटकन हलवणारी, कायद्याने आणि समाजाने मान्य केलेली, कोपऱ्याकोपऱ्यावर मिळणारी गोष्ट म्हणजे साखर. भर म्हणून झोप. दारू सुटल्यावर झोपेची घडी बसायला काही महिने जातात, आणि अर्धवट झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जास्त भूक लागते, तीही गोडाची. रात्री दोनला साखरेच्या डब्याशी उभे असलेले तुम्ही चारित्र्याने कमी पडलेले नाही आहात. तुम्ही थकलेले आणि उपाशी आहात.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., ही दारू सोडणाऱ्यांनी एकमेकांना आधार द्यायची संघटना १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली. त्या मंडळींच्या १९३९ सालच्या पुस्तकातच असं छापलेलं आहे की चॉकलेट जवळ ठेवा, तलफ आली की खा. म्हणजे तुमच्याआधी हजारो माणसं याच जिन्याखाली उभी राहून गेलीत. बैठकांमध्ये अजूनही चार गोष्टींपासून सावध राहायला सांगतात: भूक, राग, एकटेपणा, थकवा. त्यांतली पहिली भूक आहे. उपाशी पोटाला दारूची तलफ आणि भूक यांतला फरक कळत नाही, दोन्हींची हाक एकाच जागेवरून येते.

म्हणून मला त्या संकष्टीची काळजी आहे, पेढ्यांची नाही.

त्या दिवशी काय झालं असेल ते बघा. सकाळपासून उपास, दिवसभर चहा, मशीनवर उभं राहणं. चंद्रोदय नऊच्या आसपास. साडेसहाचा तो खड्डा, जो इतर दिवशी तुम्ही पेढ्यांनी बुजवता, त्या दिवशी बुजवायचा नाही. पाय स्वारगेटकडे वळले यात मला आश्चर्य वाटत नाही. तुम्ही आत गेला नाहीत याचं वाटतं, आणि ते पत्रात तीन शब्दांत उरकलंत. ती या १०४ दिवसांतली सगळ्यात अवघड संध्याकाळ होती हो.

नवस मोडा असं मी सांगणार नाही. पण संकष्टी निर्जळी करा असं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. सकाळी दूध-केळं, दुपारी साबुदाण्याची खिचडी दह्याबरोबर, साडेपाचला रताळं किंवा दाण्याचा लाडू. चंद्र दिसला की मोदक आणि जेवण. आणि त्या दिवशी प्रेसमधून सुटल्यावर एकट्याने घरी यायचं नाही. मुलाला, भावाला, शेजाऱ्याला, कुणालाही बरोबर घ्या, सारसबागेतल्या गणपतीला जा, तिथून घरी. दोनदाच जेवायचं, मधे नुसतं पाणी, हे ज्यांना मानवतं त्यांना मानवो. तुम्हाला निदान पहिलं वर्षभर नको. आठ-दहा तास रिकामं पोट हीच तुमची घसरण आहे. सहा किलोंचं मग बघता येईल. ते उतरवता येतात.

रोजचं सांगते. संध्याकाळी साडेपाचला, भूक लागायच्या आधी, खायचं. भूक लागल्यावर नाही. लागल्यावर तुम्ही पेढ्याच्याच दुकानात जाणार आणि त्यात तुमचा दोष नाही. बायकोला एक छोटा वेगळा डबा द्यायला सांगा, किंवा स्वतः भरा, ते जास्त बरं. मोडाच्या मटकीची उसळ आणि अर्धी भाकरी, थालीपीठ आणि दही, मुगाचं धिरडं, काहीही चालेल, फक्त त्यात डाळ, कडधान्य, दही, पनीर यांतलं काहीतरी हवं. प्रथिनं असली की भूक दोन-तीन तास गप्प बसते. पेढ्याने ती अर्धा तास गप्प बसते आणि मग दुप्पट जोराने उठते. मासिकांमध्ये संध्याकाळी उकडलेली अंडी आणि शेंगदाणे खा असं लिहितात, चांगलंच आहे ते, पण तुमच्या ग्लासाशेजारी काय असायचं ते आधी आठवा. मिरपूड भुरभुरलेलं अंडं, मसाला शेंगदाणे, फरसाण, भाजलेला पापड, यांतलं जे असायचं ते काही महिने संध्याकाळी नको. सकाळी नाश्त्याला अंडं खा हवं तर. चव जिभेला पाठ असते, ती आपल्या जोडीदाराला शोधायला निघते. आणि घरचा रस्ता बदला. स्वारगेट टाळून धनकवडीला येता येतं, दहा मिनिटं जास्त लागली तर लागू देत.

तरीही तलफ आलीच तर घड्याळ बघा. बहुतेक वेळा ती वीस-तीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी प्या, ताक प्या, कुणाला तरी फोन लावा, चालत राहा.

गोड बंद करायचं का? नाही. आत्ता नाही. आधी चहातली साखर घ्या हातात. आठ कप, प्रत्येकी दोन चमचे धरले तर सोळा चमचे होतात, सत्तरेक ग्रॅम साखर, आणि तिचा आनंदसुद्धा तुम्हाला मिळत नाही. चार कपांवर या, एकेक चमच्यावर या, शेवटचा कप चारच्या आत. झोपेलाही तेच बरं. पेढा राहू दे. पण पाव किलो नको, दोन, आणि जेवल्यावर, ताटात, सगळ्यांच्या देखत.

इथे मला तुमच्या बायकोबद्दल बोलायचंय. त्यांनी ती डिकी उघडली तेव्हा त्यांना काय दिसलं असेल? इतकी वर्षं त्या डिकीत काय असायचं हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण मी ओळखलं आणि त्यांनीही. तीच डिकी, तोच लपवलेला पुडा, जिन्याखालचा तोच उशीर. पेढे निघाले म्हणून त्या रडल्या नाहीत. डिकी उघडताना क्षणभर त्यांचा श्वास थांबला असेल, त्याचं ते रडू होतं. तेव्हा आज घरी गेल्यावर त्यांना सांगा की मला संध्याकाळी भयंकर भूक लागते, गोड लागतं, आणि मी तुझ्यापासून ते लपवत होतो. एवढी तीन वाक्यं. पुढे पेढे आणायचेच असतील तर ते आणून स्वयंपाकघरात त्यांच्या हातात द्या. डिकीत छत्री ठेवा.

आणि वहिनी, हे तुम्ही वाचत असाल तर: त्यांच्या ताटातले पेढे मोजू नका. माझ्या मोठ्या भावाने दारू सोडली त्या वर्षीच्या दिवाळीत मी सगळ्यांसमोर त्याला म्हणाले होते, "पुरे आता, चौथा गुलाबजाम आहे हा." त्याने वाटी खाली ठेवली. नंतर आमच्यासमोर त्याने कधी गोड खाल्लं नाही, खात मात्र होता, एसटी स्टँडवर एकटा उभा राहून. हे मला बऱ्याच वर्षांनी कळलं. तो आज दारूपासून लांब आहे, पण तो एकटेपणा मी त्याला दिला होता आणि ते मला अजून टोचतं. तुम्हालाही कुणीतरी बोलायला हवं. दारुड्यांच्या घरच्यांसाठी अल-ॲनॉनच्या बैठका असतात, तिथे एकदा जाऊन बघा.

आता तब्येत. वडिलांना मधुमेह, अठरा वर्षांची दारू, सहा किलो वाढ आणि रोजचे पेढे, एवढं एकत्र आल्यावर अंदाजावर राहायचं नाही. उपाशीपोटीची साखर, तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी आणि यकृताची तपासणी या आठवड्यात करून घ्या. खूप तहान, सारखी लघवी, खाऊनही वजन उतरणं यांतलं काही दिसलं तर आठवडाही थांबू नका. डॉक्टरांना बी-१ या जीवनसत्त्वाबद्दल विचारा, रोज पिणाऱ्यांच्या अंगात ते बरेचदा कमी पडतं. पेढ्यांचं आणि साखरेच्या डब्याचंही त्यांना सांगा. तलफ कमी करणारी औषधं असतात, पण तुम्ही बोललात तरच ते त्यांचा विचार करतील. आणि ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पुण्यात तुम्हाला दारं बरीच आहेत. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, ए.ए.च्या मराठी बैठका आहेत. मध्यरात्री पाय वळायला लागले तर १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक रात्रीसुद्धा चालू असतो, फोन मराठीतून करता येतो, पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठीचा सरकारी क्रमांक १४४४६ आहे. दोन्ही मोबाइलमध्ये आजच साठवा, बायकोच्याही.

एक राहिलं. रक्त तपासायला उपाशीपोटी जावं लागेल, आणि रिकामं पोट तुम्हाला सोसत नाही. सकाळी लॅब उघडताना पहिला नंबर लावा. बायकोला बरोबर घ्या, आणि डबाही. सुई निघाली की तिथेच बाकावर बसून दोघं खा, मग प्रेसला जा.