गाळाचा अहवाल 'मि.ग्रॅ./लिटर'मध्ये आला असेल तर आधी लॅबला गाठा

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुम्ही एमआयडीसीच्या खालच्या अंगाला नाल्यातला गाळ आणि गोगलगायी गोळा केल्या, धातू तपासायला खाजगी लॅबमध्ये दिल्या. अहवालात तांबं आणि निकेल भरपूर, कॅडमियम 'बीडीएल' (यंत्राच्या शोधमर्यादेच्या खाली), एकक मि.ग्रॅ./लिटर. आणि गाईड म्हणतात, नदी प्रदूषित आहे असं लिहून मोकळे व्हा. पीएचडीच्या काळात मी नेमका इथेच अडकलो होतो. नमुने कसे घ्यायचे, आम्लात कसे विरघळवायचे हे तुम्हाला येत असणार, त्यात शिरत नाही.

गाळ मोजतात दर किलो कोरड्या वजनाला. लिटरमध्ये आलेला आकडा हा आम्लात विरघळवलेल्या द्रावणाचा असतो. किती ग्रॅम गाळ घेतला आणि शेवटी किती मिलिलिटर केलं, हे दोन आकडे मिळाल्याशिवाय त्याचा काहीही अर्थ लागत नाही. माझ्या लॅबने (नाव घेत नाही) हे दोन आकडेच दिले नाहीत. काउंटरवर सांगितलं की फॉरमॅट पाण्याच्या अहवालाचाच आहे, सगळ्यांना असाच देतो. लेखी मागितलं तर म्हणे ती अंतर्गत नोंद आहे. हेलपाटे घातले, विभागप्रमुखांचं पत्र नेलं, पण ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी म्हटलं, वाळवून दळलेल्या गाळाची उरलेली भुकटी तरी परत द्या, दुसरीकडे तपासतो. तर ती महिनाभरातच फेकून दिली होती. तोवर त्या पट्ट्यात नाला खोलीकरणाचं जेसीबी फिरलं होतं. गाळ गेला, त्यातल्या गोगलगायीही गेल्या, आणि त्या जागेचा पुन्हा नमुना घेण्याची सोयच उरली नाही. एवढी वर्षं झाली तरी याचा राग गेलेला नाही. पैसे पूर्ण घेतले होते त्यांनी.

'बीडीएल' म्हणजे 'नाही' असं समजू नका. समजा यंत्राची मर्यादा लिटरला 0.05 मिलिग्रॅम आहे आणि एक ग्रॅम गाळाचं 50 मिलिलिटर केलं. म्हणजे किलोला 2.5 मिलिग्रॅमच्या खालचं कॅडमियम त्यांना दिसणारच नाही. उत्तर अमेरिकेतल्या गाळासाठी 2000 साली मांडलेल्या मार्गदर्शक आकड्यांत कॅडमियमची खालची पातळी (जिच्या खाली जलचरांना सहसा अपाय होत नाही) किलोला 0.99 मिलिग्रॅम आहे. म्हणजे काळजी करावी इतकं कॅडमियम असूनही अहवालात 'बीडीएल' येऊ शकतं. कॅडमियमसाठी ग्रॅफाइट फर्नेस किंवा आयसीपी-एमएस (अगदी कमी प्रमाणही पकडणारी यंत्रं) आहे का, हे नमुना देण्याआधी विचारा. भुकटी कशात करतात तेही विचारा. स्टीलच्या दळणीतून क्रोमियम-निकेल मिसळतं, पितळी चाळणीतून तांबं-जस्त. मी आता नायलॉनची 63 मायक्रॉनची चाळणी आणि अगेटचा खल सोडून काही वापरू देत नाही. सोबत ब्लँक (गाळ न घालता केलेलं द्रावण) आणि प्रमाणित संदर्भ नमुना (ज्यातलं धातूंचं प्रमाण आधीच माहीत आहे असा) चालवला का, हेही लेखी घ्या.

आता तांबं-निकेलचं. इथे माझं मत ठाम आहे. मराठवाड्याचा बहुतेक गाळ बसाल्ट झिजून झालेला आहे आणि दख्खनच्या बसाल्टमध्ये तांबं मुळातच किलोला शंभर-दोनशे मिलिग्रॅमच्या घरात असतं. पुस्तकातला 1961 चा जागतिक शेलचा (चिखलापासून बनलेल्या खडकाचा) सरासरी आकडा तांब्याला 45 आहे. तो पाया धरून भू-संचय निर्देशांक (धातू नैसर्गिक पातळीच्या किती वर आहे ते सांगणारा आकडा) काढलात तर डोंगरातला स्वच्छ ओढासुद्धा प्रदूषित ठरेल. आपल्याकडे नदीच्या गाळासाठी कायद्याने ठरवलेली मर्यादा नाही, त्यामुळे लोक परदेशी आकडे उचलतात. वर सांगितलेल्या उत्तर अमेरिकेच्या आकड्यांत निकेलची वरची पातळी (जिच्या पुढे जलचरांना अपाय संभवतो) 48.6 आणि क्रोमियमची 111 आहे, बसाल्टी गाळ तीसुद्धा कारखान्याशिवाय ओलांडू शकतो. पाया इथलाच घ्या. छत्रपती संभाजीनगरच्या खाम नदीवर काम असेल तर हर्सूल तलावाच्या वरच्या, जटवाड्याकडच्या ओढ्यांतला बारीक गाळ घ्या आणि लोह किंवा ॲल्युमिनियमशी गुणोत्तर काढून तुलना करा. शिसं, कॅडमियम आणि जस्त वरच्या अंगापेक्षा खाली किती पटीने वाढतात, ते बघा. कारखान्याचा हात असेल तर तिथे दिसेल.

शिवारात मोसंबीच्या बागा असतील तर आणखी एक. खोडांना बोर्डो पेस्ट लावतात, त्यातल्या मोरचुदाचं तांबं पावसाने नाल्यात येतं. शंखी गोगलगायी मारायला बांधावर काही औषध टाकलंय का, तेही शेतकऱ्यांना विचारून घ्या.

गोगलगायींबद्दल थोडं. त्यांच्या रक्तातला, ऑक्सिजन वाहून नेणारा हिमोसायनिन तांब्यावरच चालतो, म्हणून अंगात तांबं सापडणं हे स्वतःहून काही सिद्ध करत नाही. शिसं आणि कॅडमियम जास्त बोलतात. बेलामिया (गोड्या पाण्यातली एक गोगलगाय) घेत असाल तर एका आकाराच्याच घ्या आणि नर-मादी वेगळे करा. नराचा उजवा स्पर्शक आखूड आणि जाड असतो, जिवंत असताना झाकण उघडून डोकं बाहेर काढलं की सहज दिसतो. मादीच्या पोटात कवचासकट पिल्लं असतात, ती वेगळी काढली नाहीत तर आकडा हलतो. मारण्याआधी 24 ते 48 तास स्वच्छ पाण्यात, पाणी बदलत ठेवा, नाहीतर तुम्ही आतड्यातला गाळच मोजाल. ओलं वजन की कोरडं, हेही अहवालात हवं. अंगात पाऊण हिस्सा किंवा जास्त पाणी असतं, आकडा चार-पाच पटीने बदलतो.

मी प्राणिशास्त्राचा माणूस, रसायनशास्त्रातल्या कुणाला वरचं काही खटकलं तर जरूर दुरुस्त करा. पण 'प्रदूषित' हा शब्द आत्ता लिहू नका, 'स्वच्छ' तर अजिबात नाही. असा गाळ वाहत जाऊन धरण-तलावात साचला की 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत लोक तो ट्रॅक्टरने शेतात नेतात आणि खामचं पाणी पुढे नाथसागरात (जायकवाडी धरणात) जातं. चुकीचा अहवाल दोन्ही बाजूंनी महागात पडतो.

आज एवढं करा: लॅबला मेल टाका की उरलेली भुकटी आणि द्रावण फेकू नका, आम्ही घ्यायला येतोय. वजन, अंतिम आकारमान आणि शोधमर्यादा हे तिन्ही त्याच मेलमध्ये मागा आणि गाईडना कॉपीत ठेवा. फोनवर बोलू नका, काही हाती लागत नाही. भुकटी मिळाली तर इथे कळवा, पुढे कुठल्या प्रकारच्या यंत्रावर द्यायची ते बघू.