चेक इंजिनची लाइट लागलीय, कोड पी०४२० येतोय. गॅरेजवाला म्हणतो मागचा ऑक्सिजन सेन्सर बदला. बदलू का? की तशीच चालवली तर चालेल?

नका बदलू. निदान आत्ता तरी नका, आधी हे वाचा.

तुमचा कोड पी०४२०, माझा होता पी०१७१, म्हणजे सिस्टिम टू लीन, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. कोड वेगळे पण गॅरेजवाल्याचं उत्तर अगदी तेच, 'ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलून टाकू'. चार वर्षं झाली ह्या गोष्टीला. पेट्रोल गाडी, सकाळी थंड असताना आयडलिंगला थरथरायची, सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा काटा आठशेवरून सहाशेवर आणि परत वर, पण एकदा पळायला लागली की काही तक्रार नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, सगळी गोम तिथेच होती. आणि मी ते गॅरेजवाल्याला सांगितलंही होतं, पण त्याने स्कॅनर लावला, कोड बघितला आणि त्यानंतर माझं काही ऐकलंच नाही.

गॅरेज सुचवलेलं आमच्या दाजींनी. दाजी म्हणजे ताईचे मिस्टर, माणूस लाखात एक, पण गाडीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असतो असं त्यांचं स्वतःचं मत आहे. मी म्हटलं, दाजी, गाडी फक्त आयडलिंगलाच बिघडते, सेन्सर गेला असता तर सगळीकडेच बिघडली नसती का? तर म्हणाले, 'अरे मशीनच सांगतंय ना, मग तू कशाला डोकं लावतोस?'

मशीन काय सांगत होतं ते बघा. मशीन म्हणत होतं की मिश्रण पातळ आहे, मी पेट्रोल वाढवून वाढवून दमलो. बस. कुठला पार्ट गेला हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. पातळ मिश्रणाची बातमी आणली ऑक्सिजन सेन्सरने, धुरात उरलेला ऑक्सिजन तोच बघतो, म्हणून उडवला कोणाला तर त्यालाच. रोग रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला.

तर पुढचा, म्हणजे इंजिनाच्या बाजूचा ऑक्सिजन सेन्सर बदलला. लाइट गेली. दाजींचा फोन आला, 'बघ, झालं ना?' नवव्या दिवशी लाइट हजर. मग एअरफ्लो सेन्सर, म्हणजे आत येणारी हवा मोजणारा एमएएफ बदलला, तो तर बराच महाग निघाला, लाइट गेली, आठवड्याने परत हजर. ही मधली आठवड्याची गंमत समजून घ्या, कारण ह्यावरच अर्धा धंदा चालतो. पार्ट बदलल्यावर ते कोड क्लिअर करतात, त्याबरोबर गाडीने शिकून ठेवलेलं लाँग टर्म फ्युएल ट्रिमही, म्हणजे पेट्रोल ठरल्यापेक्षा किती टक्के कमी-जास्त सोडायचं तो आकडा, बहुतेक गाड्यांत शून्यावर जातं, ते परत हळूहळू चढतं, आणि हा कोड सहसा लागोपाठ दोन ड्राइव्ह सायकलमध्ये, म्हणजे गाडी चालू करून चालवून बंद करण्याच्या दोन फेऱ्यांत, चूक दिसल्याशिवाय लाइट लावत नाही. म्हणजे काहीही बदला, पार्टच काय, सीट कव्हर बदला आणि कोड क्लिअर करा, चार-आठ दिवस गाडी 'दुरुस्त' राहणारच.

तिसऱ्या वेळी गॅरेजवाला म्हणाला ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटरच गेला असणार. तिथे मी गाडीची किल्ली परत मागितली.

गाडीचे कोड आणि आकडे फोनवर दाखवणारा ब्लूटूथवाला छोटा ओबीडी डोंगल आणला, फोनवर ॲप टाकलं. पहिल्यांदा ट्रिमचे आकडे बघितले तेव्हा मला स्वतःचाच राग आला, कारण हे दोन पार्टांआधी बघायला हवं होतं. आयडलिंगला लाँग टर्म २१ टक्के, वर शॉर्ट टर्म, म्हणजे त्या क्षणाची दुरुस्ती, ६. म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा सव्वापटीहून जास्त पेट्रोल ओततोय. रेस करून २५०० आरपीएमला धरली तर दोन्ही मिळून ५ वर. आता डोकं चालवा. एमएएफ घाण असता किंवा फ्युएल पंप दमलेला असता तर रेस केल्यावर, लोडवर आकडे वाढले असते. इथे उलटं. आयडलिंगला थ्रॉटल जवळजवळ बंद, मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे थ्रॉटलनंतर इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, ओढ जबरदस्त, कुठे चीर असेल तर तिथूनच हवा घुसते आणि ही हवा एमएएफने मोजलेलीच नसते. रेस केली की मोजलेली हवा इतकी वाढते की त्या चिरेतल्या हवेला काही किंमतच राहत नाही. सेन्सर बिचारा खरं बोलत होता!

मग बोनेट उघडून बसलो. दोन संध्याकाळी काही सापडलं नाही, फुसफुस आवाजही नाही. तिसऱ्या दिवशी पत्नीच्या पर्समधला छोटा आरसा घेतला आणि थ्रॉटल बॉडीच्या मागे पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातली तेलाची वाफ परत आत ओढणारी नळी जाते ती खालून बघितली. वरून एकदम नवी कोरी. खाली, जिथे ती वळते तिथे, तेलाच्या वाफेने रबर फुगून लिबलिबीत झालेलं आणि वळणावर करंगळीच्या नखाएवढी चीर. फोन बॅटरीवर टेकवून ठेवला, ॲपवर शॉर्ट टर्मचा आकडा लावला, गाडी चालू केली, आणि हात आत घालून चिरेवर बोट दाबलं. ६. मग ४. मग ०. मग उणे ९, उणे १४, आणि आयडलिंगची थरथर बंद. बोट काढलं की परत वर. मी हे सात-आठ वेळा केलं, गरज नव्हती, पण मजा येत होती.

नळीची किंमत त्या दोन सेन्सरांपुढे चिल्लर होती.

आता तुम्हाला वाटेल गोष्ट संपली. नाही. दाजींना नळी दाखवली तर म्हणाले, 'सेन्सर नवे टाकले म्हणून गाडी सुधारली, नळी हा योगायोग.' वर हेही, की ही सगळी आजकालची सेन्सरची नाटकं, कार्ब्युरेटर होते तेव्हा असलं काही नव्हतं. आजकालची म्हणे. लॅम्डा सेन्सर, म्हणजे हाच ऑक्सिजन सेन्सर, १९७६ साली व्होल्वोच्या गाड्यांत बसायला लागला, दाजी तेव्हा हाफ चड्डीत होते. आणि कार्ब्युरेटरच्या गाडीला असली चीर पडली असती तर गाडी नुसती मिसिंग करत राहिली असती, का ते सांगायला कोणी नव्हतं, स्क्रू पिळत बसा.

मला गॅरेजमधून जुने पार्ट मागून घ्यायची सवय आहे, तुम्हीही लावा. जुना ऑक्सिजन सेन्सर ड्रॉवरमध्ये होता. तो व्हाइसमध्ये पकडला, काळ्या आणि करड्या वायरला मल्टिमीटर लावला (पांढऱ्या दोन असतात त्या हीटरच्या), आणि टोकाला गॅस टॉर्चची ज्योत दिली. चांगला लाल होईपर्यंत काही नाही, मग ०.८५ व्होल्ट. ज्योत बाजूला, झटकन शून्याजवळ. परत ज्योत, परत वर. ठणठणीत. दाजी समोर उभे होते, म्हणाले, 'टेबलावर चालतो, गाडीत चालेल का?' इथे माझं टाळकं सरकलं. नवा सेन्सर काढला आणि जुना परत गाडीत बसवला. चार वर्षं तोच आहे. प्रत्येक सणाला भेटल्यावर मी त्यांना ट्रिमचे आकडे दाखवतो, ते चष्मा नाही म्हणतात.

बरं, तुमचा पी०४२०. हा कोड म्हणतो की कॅट, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाहीये असं दिसतंय. हे ठरतं कसं? कॅटच्या पुढचा सेन्सर सारखा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये उड्या मारतो, कॅट धड असेल तर तो मधल्या मध्ये ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून मागचा सेन्सर ०.६-०.७ च्या आसपास शांत राहतो. मागचाही पुढच्यासारख्या उड्या मारायला लागला की पी०४२०. आता मला सांगा, मागचा सेन्सर म्हातारा झाला तर तो जास्त उड्या मारेल की कमी? कमी. सुस्त सेन्सरमुळे उलट खराब कॅट चांगला दिसेल. सेन्सरचे स्वतःचे कोड वेगळे असतात, पी०१३६ पासून पुढे, ते तुम्हाला आलेत का? आले नसतील तर तुमचा गॅरेजवाला अंदाजपंचे बोलतोय. गरम गाडी २५०० वर धरून दोन्ही सेन्सरांचा ग्राफ एकत्र बघा. मागचा शांत असेल तर आधी एक्झॉस्टमध्ये कुठे गळती आहे का ते शोधा, जॉइंटपाशी काळी काजळी दिसते. मागचा पुढच्याची नक्कल करत असेल आणि गळती नसेल तर कॅट गेला, त्याला सेन्सर काय करणार.

आणि कॅट गेलाच असेल तर नवा टाकण्याआधी जुना कशाने मेला ते शोधा. तो आपणहून क्वचित मरतो. मिसफायर, इंजिन ऑइल खाणं, मिश्रण सतत जाड राहणं, ह्यातलं काहीतरी असतं, आणि ते तसंच ठेवलं तर नवा कॅटही त्याच वाटेने जाईल. थर्मोस्टॅट उघडा अडकला तरी इंजिन गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त जात राहतं, हे कोणी बघतच नाही.

तशीच चालवायचं म्हणाल तर लाइट स्थिर असेल तर गाडी सहसा लगेच बंद पडणार नाही. लुकलुकत असेल तर मिसफायर चालू आहे, न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतंय, रेस सोडा, बाजूला घ्या. पण महिनोन् महिने स्थिर लाइट घेऊन फिरू नका, त्या लाइटच्या आड दुसरा कोड आला तर कळणारसुद्धा नाही. आणि तपासणीच्या आदल्या दिवशी कोड क्लिअर करण्याची हुशारी नको, जिथे ओबीडी वाचतात तिथे रेडिनेस मॉनिटर, म्हणजे गाडीच्या स्वतःच्या तपासण्या, अपूर्ण दिसतात आणि तुम्ही पकडले जाता. कोणीतरी मागच्या सेन्सरला स्पेसर लावून, म्हणजे त्याला धुरापासून जरा लांब सरकवून, लाइट घालवायचा सल्ला देईलच. देऊ नका लावू. धूर तोच, फक्त साक्षीदाराच्या डोळ्यावर पट्टी. फोक्सवॅगनने डिझेल गाड्यांत सॉफ्टवेअरने असाच खेळ केला, २०१५ मध्ये उघडकीला आलं, जगभरात सुमारे १ कोटी १० लाख गाड्या निघाल्या.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. माझं ट्रिमचं गणित एमएएफवाल्या गाडीचं आहे, फक्त मॅप सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा, असेल तर चिरेतली हवाही दाबात मोजली जाते, ट्रिम फारसं हलत नाही, आयडलिंगच वर चढतं. ०.१ ते ०.९ हे जुन्या नॅरोबँड जातीच्या सेन्सरचं, नव्या बऱ्याच गाड्यांत पुढे वाइडबँड असतो, त्याचा ग्राफ असा दिसत नाही आणि त्याला टॉर्चही लावू नका. चालू इंजिनात हात घालताना फॅन आणि बेल्टपासून लांब, मी बाही वर केली होती. आणि चीर शोधायला कार्ब क्लीनर फवारतात लोक, गरम मॅनिफोल्डवर तो पेट घेतो.

सेन्सर कधीच जात नाहीत असंही मी म्हणत नाहीये. तीन आठवड्यांपूर्वी माझ्याच गाडीत पी०१३३ आला, पुढचा सेन्सर हळू प्रतिसाद देतोय म्हणून. नळ्या तपासल्या, गळती नाही, ट्रिम्स ठीक, ग्राफ बघितला तर खरंच सुस्त, वर जायला वेळ, खाली यायला त्याहून वेळ. म्हणजे ह्या वेळी खरोखर सेन्सरच. नवा ड्रॉवरमध्येच पडलाय, २२ चा पाना लागतो, अर्ध्या तासाचं काम. ताई आणि दाजी पुढच्या रविवारपर्यंत आमच्याकडेच आहेत, तेव्हा सोमवारी बसवीन.