जकात (मुसलमानांनी दरवर्षी द्यायचं बंधनकारक दान) : प्रश्न तुमचे, उत्तरं आमची

प्रश्न : माहेर रत्नागिरीचं, सासर सोलापूरचं. माझे लग्नातले 8 तोळे दागिने आहेत, बँकेत 60 हजार. माहेरचे म्हणतात, वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही. सासरचे म्हणतात, साडेसात तोळ्यांच्या वर गेलं, द्यावीच लागेल. काय करू?

उत्तर : कोकणी मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी (हे दोन मजहब, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे पंथ), फरक तिथला आहे. शाफईंत बाईच्या नेहमीच्या वापरातल्या, बेताच्या दागिन्यांवर जकात नाही. नाणी, वळी, गुंतवणुकीचं सोनं यांवर आहे. हनफींत सगळ्याच सोन्यावर आहे. दागिने तुमचे, म्हणून तुम्ही ज्या मजहबवर चालता तोच लागू. सासर वेगळ्या मजहबचं म्हणून तो आपोआप बदलत नाही.

सासरच्यांचा तोळा मात्र चुकतोय. निसाबाचे (जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेचे) साडेसात तोळे जुन्या 11.664 ग्रॅमच्या तोळ्याचे, म्हणजे 87.48 ग्रॅम. सराफाचा तोळा आज 10 ग्रॅमचा. तुमचं सोनं 80 ग्रॅम भरतं. नुसतं तेवढंच असतं तर हनफी हिशेबानंही जकात लागली नसती! पण सोबत रोकड असली की हनफी दोन्हींची किंमत एकत्र करून 612.36 ग्रॅम चांदीच्या, म्हणजे चांदीच्या निसाबाच्या, किमतीशी ताडतात, आणि तुम्ही तिच्या कितीतरी वर जाता.

हनफी असाल तर हिशेब असा : सोनं मोडीच्या भावानं धरा. घडणावळ, मोती, खडे वगळा. समजा भाव ग्रॅमला 9,000 रुपये : 7,20,000 अधिक 60,000, म्हणजे 7,80,000. अडीच टक्के झाले 19,500. उसनवारी असेल तर हनफी ती आधी वजा करतात. वर्ष चांद्र धरायचं. दर 31 मार्चला हिशेब करणाऱ्यांची दरवर्षी सुमारे 11 दिवसांची जकात मागे राहते. इंग्रजी वर्षच सोयीचं असेल तर 2.577 टक्के काढा.

प्रश्न : आम्ही हनफी. जकातीतून मशिदीचं छत, सासूबाईंची औषधं, पुतणीची फी चालेल?

उत्तर : छत नाही. हनफींत जकात कुणा गरजू माणसाच्या मालकीची व्हावी लागते, इमारत मालक होत नाही. त्यासाठी वेगळी देणगी द्या. सासूबाई निसाबाच्या खाली असतील आणि सय्यद (पैगंबरांच्या वंशातल्या) नसतील तर त्यांना चालते. स्वतःचे आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं यांना नाही. पुतणी लहान असेल तर तिच्या वडिलांची ऐपत बघा. फी परस्पर शाळेत भरण्यापेक्षा पैसे त्यांच्या हातात द्या, किंवा त्यांची परवानगी घेऊन भरा. ही जकात आहे असं घेणाऱ्याला सांगायची गरज नाही. ईदी म्हणून दिली तरी अदा होते; नियत मात्र देतानाच, किंवा रक्कम बाजूला काढताना, हवी.